नेलेले मूल आणि निघालेला सिद्धार्थ



या सदरात आम्ही बहुधा एखाद्या ग्रंथाविषयी, एखाद्या कायद्याविषयी किंवा बाबासाहेबांच्या एखाद्या भाषणाविषयी लिहितो. या वेळी विषय एका गाण्याचा आहे. ‘द वॉटरबॉइज’ या बँडच्या १९८८ सालच्या ‘फिशरमन्स ब्लूज’ या अल्बममधील ‘द स्टोलन चाइल्ड’ हे ते गाणे. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या कानांवरून ते गेले असेल. काही घरांत ते मुलांच्या शाळेतून कवितेच्या रूपाने आले, तर काही घरांत पश्चिमेकडे सहलीला जाताना गाडीत लावलेल्या संगीतातून. ऐकताना ते निसर्गाचे गोड गाणे वाटते. तळे आहे, बेट आहे, चांदण्यातली वाळू आहे, धबधबा आहे. परंतु लक्षपूर्वक ऐकले की ध्यानात येते, की हे गाणे एका मुलाला त्याच्या घरातून कायमचे नेण्याचे आहे. त्या मुलाला का नेले जाते, त्याला कोणते कारण सांगितले जाते आणि ते कारण आपण स्वीकारावे काय, हे प्रश्न परदेशात मुले वाढविणाऱ्या आंबेडकरी आईबापांना टाळता येण्यासारखे नाहीत.

गाणे काय सांगते

शब्द विल्यम बटलर येट्स यांचे आहेत. ही कविता १८८६ साली प्रथम छापून आली, तेव्हा कवी एकवीस वर्षांचे होते. येट्स यांचा जन्म डब्लिनचा, बालपणाचा बराच काळ लंडनमध्ये गेलेला. पण आईचे माहेर स्लायगोचे, आणि सुट्ट्यांमधले स्लायगो त्यांच्या मनात कायमचे राहिले. कवितेतील ठिकाणे कल्पनेतली नाहीत. लॉख गिल या सरोवराच्या काठचे स्लिश वूड, समुद्राकाठचे रॉसेस पॉइंट, लिट्रिम परगण्यातील ग्लेनकारचा धबधबा ही सर्व स्थळे आजही आहेत आणि त्यांपैकी दोन-तीन एका दिवसाच्या सहलीत सहज पाहून होतात.

कवितेत बोलतात त्या पऱ्या. ‘परी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पंखांची गोजिरी बाहुली उभी राहते. आयरिश लोकसमजुतीतील ‘शी’ तशी नव्हे. ती टेकड्यांच्या पोटात आणि पाण्याच्या काठी राहणारी, माणसांवर लोभ आणि डूख दोन्ही धरणारी जात आहे. आपल्या गावाकडच्या साती आसरा आठवाव्यात. डोहाजवळ, विहिरीजवळ त्यांचे दगड मांडलेले असतात, आणि एखादे मूल पाण्यात बुडाले की ‘आसरांनी ओढून नेले’ असे म्हातारी माणसे म्हणतात. येट्स यांच्या पऱ्या आपल्या आसरांच्याच गोत्रातल्या आहेत.

या पऱ्या मुलाला आपल्या वैभवाचे वर्णन ऐकवितात. सरोवरातले बेट, तेथे लपवून ठेवलेली फळे, चांदण्या रात्रीचे नृत्य, धबधब्याखालच्या कुंडांत निजलेले मासे. आमिष म्हणून दाखविलेली चेरीची फळेही चोरीची आहेत, हे कवी जाता जाता सांगून ठेवतो. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस पालुपद येते. त्यात पऱ्या मुलाला हात धरून पाण्याकडे आणि रानाकडे यायला सांगतात आणि कारण देतात ते असे, की माणसांच्या जगात मुलाच्या समजुतीपलीकडचे दुःख भरलेले आहे.

शेवटच्या कडव्यात मात्र सूर पालटतो. मूल निघाले आहे. आता त्याला काय मिळणार हे कोणी सांगत नाही; त्याला यापुढे काय ऐकू येणार नाही, याची मोजदाद सुरू होते. उबदार उतारावर हंबरणारी वासरे, चुलीवर गुणगुणणारी किटली, धान्याच्या पेटीभोवती फिरणारे उंदीर. आतापर्यंत पालुपद मुलाला उद्देशून होते, ते आता मुलाविषयी बोलू लागते. ‘तू’ची जागा ‘तो’ घेतो. व्याकरणातील एवढ्याशा बदलाने कळते की मूल आता हाकेच्या अंतरात राहिलेले नाही. गाण्याचे मर्म आमच्या मते येथे आहे. रानाचे सौंदर्य तीन कडवी गाजते, परंतु जीव हळहळतो तो किटलीच्या आवाजासाठी.

हा आवाज कोणाचा

माइक स्कॉट हा स्कॉटलंडचा गायक. त्याने १९८३ साली ‘वॉटरबॉइज’ उभा केला. व्हायोलिनवादक स्टीव्ह विकम यांच्या आमंत्रणावरून तो १९८६ मध्ये डब्लिनला आला आणि पुढे कॉनेमारातील स्पिडल या गावी जाऊन राहिला. स्पिडल हा गेलटाख्त भागातला, म्हणजे जेथे आयरिश भाषा अजून घराघरांत बोलली जाते त्या पट्ट्यातला गाव. गिटार आणि ड्रमच्या रॉक संगीताला तेथील व्हायोलिन, बासरी आणि लोकधून भेटली. लोकधून आणि रॉक यांची ही सांगड आयर्लंडला नवी नव्हती. ‘हॉर्सलिप्स’सारख्या बँडने १९७०च्या दशकातच तो मार्ग पाडला होता. स्पिडलमधले काम त्या परंपरेतले, पण अधिक संथ आणि मातीच्या जवळचे.

‘द स्टोलन चाइल्ड’मध्ये स्कॉटने कडवी स्वतः गायिली नाहीत. तो फक्त पालुपद गातो. कडवी संथ स्वरात म्हणतात ते तोमास मॅक ओईन, कॉनेमारातील शान-नोस परंपरेचे गायक. शान-नोस म्हणजे वाद्यांच्या साथीशिवाय गाण्याची जुनी आयरिश रीत. या निवडीत मोठा अर्थ आहे. कविता इंग्रजीत लिहिली ती सुस्थितीतल्या प्रोटेस्टंट घराण्यातील कवीने. ज्या लोकसमजुतीवर ती उभी आहे ती मात्र गरीब कॅथलिक कुळांची, त्यांच्या शेकोटीची. शंभर वर्षांनंतर त्या कवितेला त्याच मातीतल्या माणसाचा कंठ मिळाला. संपन्नाने टिपून घेतलेली लोकांची वस्तू लोकांच्या आवाजात परत आली.

आपल्याला हे लगेच उमगते. महाराष्ट्रात ढोलकी, तुणतुणे आणि तमाशाचा फड ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जिवंत ठेवला, त्यांच्या कलेवर इतरांनी ग्रंथ लिहिले आणि कलावंत मात्र गावकुसाबाहेर राहिले. आंबेडकरी जलशांनी हे चित्र पालटले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा जुना साचा घेतला आणि त्यात स्वाभिमानाचा आशय भरला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) तो गाण्यांतून वस्तीवस्तीत पोहोचविला. गाणे कोणते आहे याइतकाच ते कोणाच्या तोंडी आहे हा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे आपण त्यांच्याकडून शिकलो.

निसर्गामागचा इतिहास

ग्लेनकारला उभे राहिले की प्रथम जाणवते ती शांतता. मैलोन्‌मैल हिरवे उतार, मधूनच एखादे घर, दगडी कुंपणे आणि मेंढ्या. पाहुण्याला वाटते, हा निसर्ग अनादि काळापासून असाच आहे. तो तसा नव्हता. १८४१ च्या जनगणनेत लिट्रिम परगण्यात सुमारे १ लाख ५५ हजार माणसे होती. २०२२ च्या जनगणनेत ती सुमारे ३५ हजार भरली. १८४५ ते १८५२ या काळातील दुष्काळात आयर्लंडमधील सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसांनी देश सोडला. देशांतराचा तो ओघ पुढे शतकभर आटला नाही. बटाट्यावर रोग पडला हे निमित्त होते. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती आणि ज्यांना दुसरे अन्न परवडत नव्हते तीच माणसे मेली. त्याच काळात देशातून धान्य आणि गुरे बाहेर जात होती. रानांचेही तसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशाच्या जेमतेम एक टक्का भूमीवर जंगल उरले होते. आज ते सुमारे १२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा भाग लागवडीच्या परदेशी सूचिपर्णी झाडांचा आहे.

याचा अर्थ असा, की ज्या एकांताची मोहिनी हे गाणे घालते, त्यातला पुष्कळसा एकांत माणसे नाहीशी झाल्याने आलेला आहे. कवितेतील मूल एकटे नाही. स्लायगोच्या बंदरातून गलबतांत चढलेली हजारो मुले त्याच्यासोबत आहेत. अमेरिकेला निघालेल्या तरुणासाठी गावात रात्रभर जी बैठक होई, तिला मृताच्या जागरणाचेच नाव दिले होते. निघालेला परत दिसणार नाही हे घरच्यांना माहीत असे.

परीचे नाव, माणसाचे काम

लोकसमजुतीचा आणखी एक पदर आहे आणि तो गाण्याहून कठोर आहे. मूल खंगू लागले, वेळेवर बोलेना किंवा चालेना, की ते आपले मूल नव्हेच असे म्हणत. खरे मूल पऱ्यांनी नेले आणि हे बदली ठेवले, अशी समजूत होती. बालमृत्यू ही घरोघरची गोष्ट असलेल्या काळात या कथेने आयांना थोडा दिलासाही दिला असेल. परंतु जी कथा दिलासा देते, तीच हातात निखाराही देते. १८९५ साली टिपरेरी परगण्यातील बॅलिव्हाडली येथे ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने जाळले. ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी ठेवलेली बदली आहे, असा त्याचा दावा होता. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची शिक्षा दिली. येट्स यांच्या कवितेला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. भानामती आणि करणीच्या नावाने आपल्याकडे स्त्रियांचे जे हाल झाले, ज्यांच्याविरुद्ध झगडताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याच मालिकेतली ही घटना.

आणि या देशात मुले खरोखर नेली गेली, तीही विसाव्या शतकात. स्पिडल ज्या गॉलवे परगण्यात आहे, त्याच परगण्यातील ट्यूम गावी १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित मातांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी एक संस्था होती. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी दप्तरे तपासून तेथे मरण पावलेल्या ७९६ मुलांची नावे गोळा केली. त्यांच्या दफनाची नोंद कोठेच नव्हती. २०१४ साली ही गोष्ट जगासमोर आली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने अशा १८ संस्थांमध्ये सुमारे ९ हजार मुले दगावल्याचे नमूद केले आणि शासनाने क्षमा मागितली. या मुलांना पऱ्यांनी नेले नव्हते. लाज, धर्माची सत्ता आणि गरिबी यांनी नेले होते. कॉर्लेस यांनी केले ते एवढेच, की हरवलेल्या मुलांना एकेक करून नाव परत दिले. ज्या समाजाला आपले पूर्वज सरकारी कागदांत केवळ जातीच्या नावाने सापडतात, त्याला या कामाची थोरवी समजावून सांगावी लागत नाही.

कवीचा स्वतःविषयीचा निवाडा

येट्स यांना आपल्या या कवितेची मर्यादा फार लवकर कळली होती. १८८८ साली कॅथरीन टायनन या कवयित्री मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, की आपले आजवरचे काव्य म्हणजे वास्तवापासून परीराज्याकडे काढलेला पळ आहे, आणि या कवितेचे पालुपद हेच त्या पळण्याचे सार आहे. हे तळमळीचे आणि तक्रारीचे काव्य आहे, अंतर्दृष्टीचे आणि ज्ञानाचे नव्हे. तसे काव्य पुढे कधीतरी आपल्या हातून व्हावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली आहे. बावीस वर्षांच्या कवीची ही स्पष्टता आदराला पात्र आहे.

पुढे ते किती वास्तवाकडे आले याविषयी मतभेद होऊ शकतात. विदर्भातील वाचकांना एक गोष्ट ठाऊक असावी. वार्धक्यात येट्स यांना भारताचे ज्ञान मिळाले ते अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामींकडून. दोघांनी मायोर्का बेटावर बसून उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती आणि १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हा त्यांचा प्रबंध छापून झाला होता. युरोपच्या एका थोर कवीकडे भारत पोहोचला तो ब्रह्मज्ञानाच्या वाटेने. पाणवठ्याचा भारत त्याच्यापर्यंत गेला नाही. परीराज्य तरुणपणीच सोडावे लागते, पण त्याची प्रौढ रूपेही असतात, असे आम्हांस वाटते.

आपला निसर्ग

मराठी निसर्गकवितेचे आमच्या मनावर ऋण आहे. बालकवींचे झरे आणि हिरवळी आम्हीही शाळेत पाठ केल्या. परंतु त्या कविता म्हणणाऱ्या आपल्या आजीआजोबांच्या पिढीला झऱ्याचे पाणी कोणत्या बाजूने भरायचे, हे आधी शिकावे लागत होते. नदीला वरचा घाट आणि खालचा घाट होता. विहिरीला शिवाशिव होती. झाडाच्या पारावर कोणी बसायचे हे ठरलेले होते. निसर्ग सर्वांचा असतो हे वाक्य आपल्या इतिहासात गृहीत धरता येत नाही. ते लढून खरे करावे लागले.

महाडचे चवदार तळे म्हणजे तेच. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. त्या दिवशी बाबासाहेब हजारो स्त्रीपुरुषांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. तळे, काठ, आकाश सारे तेथेही होते. तेथे कोणती परी हात धरायला आली नाही. माणसांनी माणसांचा हात धरला. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या मजूर बाईचे गीत लिहिले, त्यातही पाणी आहे, पण ते कोणाच्या घामाने अडते आणि कोणाच्या मळ्याला जाते याचा हिशेब आहे. आमच्या मते मराठीतील हेही निसर्गगीतच आहे.

सिद्धार्थ कसा निघाला

आता त्या पालुपदाकडे पुन्हा वळू. जग दुःखाने भरलेले आहे, असे पऱ्या म्हणतात. तथागतांनीही दुःख आहे असे सांगितले. मग फरक कोठे आहे?

पारंपरिक कथेत राजा शुद्धोदन आपल्या मुलापासून जरा, व्याधी आणि मरण लपवून ठेवतो, आणि २९ व्या वर्षी ती अकस्मात दिसल्यावर सिद्धार्थ मध्यरात्री घर सोडतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच बाबासाहेब या कथेवर बोट ठेवतात. एवढ्या वयाच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण पाणी आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो. शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ त्याला उघड विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते, आणि आपल्या कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून तो स्वतः परिव्रज्या स्वीकारतो. तो चोरपावलांनी जात नाही. मातापित्यांना सांगतो, यशोधरेशी बोलतो, तिची संमती घेतो आणि दिवसाउजेडी निघतो. पुढे शाक्य आणि कोलियांत समेट झाल्याची वार्ता त्याला मिळते, तरीही तो परतत नाही. कारण माणसामाणसांतील संघर्षाचे मूळ शोधल्याखेरीज रोहिणीचा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहील, हे त्याला कळलेले असते.

दोन्ही कथांत पाणी आहे, दुःख आहे आणि घर सोडणे आहे. परंतु पऱ्यांचे मूल दुःख समजण्याआधी नेले जाते, सिद्धार्थ ते समजून घ्यायला निघतो. मूल रानात गेले की कथा संपते. सिद्धार्थ रानातून सारनाथला येतो आणि पाच परिव्राजकांसमोर बसून बोलू लागतो. धम्माचा केंद्रबिंदू माणूस आहे, असे बाबासाहेब सांगतात ते याच अर्थाने.

म्हणून निसर्गाचा आनंद बौद्धांना वर्ज्य आहे असे कोणी समजू नये. थेरगाथेतील महाकस्सप स्थविरांच्या गाथा पाहाव्यात. निळे मेघ, थंड पाण्याचे खडक, मोरांचे आवाज यांनी भरलेल्या डोंगरांवर ते मनापासून प्रेम करतात. आणि त्याच गाथांत ते डोंगर उतरून भिक्षेला नगरात येतात, एका कुष्ठरोग्यापाशी आदराने उभे राहतात. तो आपल्या झडलेल्या हाताने घास वाढतो, त्याचे बोट तुटून पात्रात पडते, आणि स्थविर तो घास किळस न करता खातात. डोंगर आणि कुष्ठरोगी एकाच माणसाच्या एकाच गाथासंग्रहात आहेत. डोंगराने त्यांना कुष्ठरोग्यापासून दूर नेले नाही. पऱ्यांच्या रानाला आमच्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

मुलांना केव्हा सांगावे

आता मूळ प्रश्न. आपल्या मंडळींच्या बैठकीत तो दर वर्षी निघतो, बहुधा एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीच्या वेळी. मुले येथे जन्मली, येथे वाढली. त्यांना जात ठाऊक नाही. ती कशाला सांगायची? एवढ्या लांब आलो ते त्यांच्या अंगाला ती वारासुद्धा लागू नये म्हणूनच ना? हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांच्या मनात भित्रेपणा नसतो, माया असते. ज्यांनी स्वतः वर्गात शिष्यवृत्तीच्या यादीत नाव पुकारले जाताना मान खाली घातली, त्यांनी आपल्या मुलासाठी ताठ मान इच्छावी यात वावगे काही नाही.

परंतु जग मुलाच्या आकलनापलीकडचे आहे, म्हणून त्याला हात धरून हिरव्या रानात घेऊन जावे, हे पऱ्यांचे म्हणणे आहे. आणि तेच शुद्धोदनाचे म्हणणे आहे. बाबासाहेबांना ते अशक्य वाटले, कारण दुःख कोणत्याही तटबंदीतून आत येतेच. येथेही येते. भारतीय घरातल्या वाढदिवसाला मित्राचे आजोबा सहज पूर्ण नाव विचारतात, आडनावावर थांबतात, मग गाव विचारतात. पंधरा वर्षांच्या मुलाला प्रश्नाचा रोख कळत नाही, पण आवाजातला बदल कळतो. ज्याला आधी काही सांगितलेले नसते, तो त्या क्षणी एकटा असतो. आपल्यातच काही कमी आहे, असे त्याला वाटू शकते. ज्याला सांगितलेले असते, त्याला कळते की कमतरता विचारणाऱ्याच्या मनात आहे.

सांगण्याचीही रीत असावी. दुःखाची सारी गाठोडी एका रात्री मुलापुढे सोडणे हाही अन्यायच आहे. आमच्या मते पाण्यापासून आरंभ करावा. सहा वर्षांच्या मुलाला ग्लेनकारच्या धबधब्याखाली हात धरायला आवडते. या पाण्याला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही असा नियम असता तर, असे त्याला विचारावे. त्याला तो नियम हास्यास्पद वाटेल. त्याचे हसू हा आपल्या चळवळीचा विजय आहे. ते ऐकण्यासाठी महाडला किती माणसांनी डोकी फोडून घेतली, ते मग सांगावे. दहाव्या-बाराव्या वर्षी रोहिणीची गोष्ट सांगावी आणि बहुमताविरुद्ध एकट्याने उभे राहणे म्हणजे काय यावर बोलावे. मोठ्या मुलांबरोबर ट्यूमची नावे आणि आपल्या गावाकडची नावे शेजारी ठेवून वाचावीत. येथील शाळेत दुष्काळ शिकवितात. आपले मूल मग आयरिश मित्राला सांगू शकते, की तुझ्या पणजोबांना जमीन नाकारली तशी माझ्या पणजोबांना विहीर नाकारली होती. त्यातून जी मैत्री होईल ती कीव किंवा कुतूहल यांवर उभी नसेल.

आणि शेवटच्या कडव्यातला धडाही विसरू नये. मुलाचे खरे नुकसान घरगुती आवाज हरपण्यात होते. आपल्या घरातली किटली कोणती, वासरांचे हंबरणे कोणते, हे आपण ठरवू शकतो. रविवारची वंदना, आजीचा फोनवरचा ‘जेवलास का रे’, वामनदादांचे गाणे, भाकरी थापण्याचा आवाज, मराठीत केलेली भांडणे. हे आवाज ज्या मुलाच्या कानांत आहेत, त्याने रानात खुशाल जावे, चांदण्यात वाळूवर नाचावे, वॉटरबॉइजचे गाणे मोठ्या आवाजात लावावे. त्याला नेणे कोणत्याही परीला जमणार नाही, आणि एखाद्या दिवशी स्वतःच निघायचे ठरविले, तर ते सांगून, समजून आणि दिवसाउजेडी निघेल.

जय भीम. नमो बुद्धाय.